साहेब, कबूल आहे

गेल्या रविवारी मामीकडे जेवायला गेले होते. नारायण पेठेतलं जुनं घर, जिना असा की उतरताना कठडा धरला नाही तर थेट बोळात. जेवणं झाली, मामा आडवा झाला आणि दादानं (माझा मामेभाऊ) कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. "रोज रात्रभर अमेरिकेची कोर्टं वाचतेस ना, मग आज हे वाच."

आत एकच कागद. शिवाजीनगर कोर्टातनं आणलेली नक्कल, मागे गोल शिक्का, पुढे अर्धं छापील आणि अर्धं हातानं भरलेलं. आरोपीचं नाव, वय २३, धंदा मजुरी (दादा तेव्हा कुरिअरच्या गाडीवर ड्रायव्हर होता, मजुरी कुणी लिहिलं देव जाणे). गुन्ह्याचे स्वरूप समजावून सांगितले. गुन्हा कबूल आहे काय? पुढे निळ्या पेनानं, होय. खाली दादाची सही.

"हे मी म्हणलो का?" दादा म्हणाला. "मला तर तोंड उघडल्याचंच आठवत नाही."

आता आधी माझ्या कामाचं सांगते नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी खराडीत एका लीगल आउटसोर्सिंग कंपनीत आहे. संध्याकाळी साडेसहाला लॉगिन, पहाटे साडेतीनला कॅब, आणि मधल्या वेळात अमेरिकेतल्या वकिलांसाठी तिकडच्या निकालांची टिपणं काढायची. एलएलबी केलं, काळा कोट कपाटात आणि गळ्यात आयकार्ड, आईला ते अजून पटलेलं नाही. क्लायंटच्या फायलींबद्दल बाहेर बोलायचं नसतं, तेव्हा खाली लिहितेय ते सगळं जाहीर निकालांतलं आहे. तर गेलं वर्षभर माझ्याकडे जास्त करून एकाच जातीच्या केसेस येतायत. कैद्यानं गुन्हा कबूल केलेला असतो आणि नंतर तो म्हणत असतो की माझ्या वकिलानं मला चुकीचं सांगितलं म्हणून मी कबूल केला.

हे अर्ज म्हणजे हेबियस. हेबियस (कॉर्पस) म्हणलं की आपल्याला पेपरातली बातमी आठवते, मुलगी बेपत्ता, बाप हायकोर्टात, पोलिसांना आदेश की मुलीला हजर करा. तिकडे त्याचा रोजचा वापर वेगळाच आहे. शिक्षा लागली, अपील संपलं, आता तुरुंगातनं फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाला सांगायचं की मला इथं डांबलंय तेच घटनेला धरून नाही. राज्याच्या कोर्टानं शिक्षा दिली असेल तर कलम २२५४, फेडरल कोर्टानं दिली असेल तर २२५५. (दुसरं खरं म्हणजे हेबियस नव्हे, मोशन आहे, पण काम तेच त्यामुळे आमच्या फ्लोअरवर दोन्हीला हेबियसच म्हणतात.)

आणि तिकडे खटला असा चालतच नाही फारसा. सिनेमात दिसतात तसे ज्युरीपुढचे खटले म्हणजे अपवाद. २०१२ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानंच आकडे दिलेत, फेडरल शिक्षांपैकी ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के शिक्षा कबुलीतून आलेल्या. म्हणजे सगळा खेळ सरकारी वकिलाच्या टेबलावर, इतकी वर्षं घे नाहीतर खटला लढ आणि हरलास तर याच्या तिप्पट घे.

दादा मधेच म्हणाला, "आमच्यासारखंच की."

आमच्यासारखंच म्हणजे काय ते सांगते. २०१५ चे गणपती. मंडळाची पोरं रात्री मांडवात झोपायला असतात, मूर्तीपाशी कुणीतरी लागतंच. तर ही सात जणं मांडवाच्या मागच्या बाजूला ताडपत्रीवर पत्ते खेळत होती, मधे दहा-वीसच्या नोटा, आणि रात्री दीडला गस्तीची गाडी आली. जुगाराची केस. पत्त्यांचा कॅट आणि साडेचारशे का पाचशे रुपये जप्त, पंचनामा, चौकीतच जामीन. चार-पाच महिन्यांनी समन्स आलं. मंडळानं सातही जणांना मिळून एक वकील बघून दिला, माणशी पाचशे. तो त्यांना कोर्टाच्या आवारात भेटला, नोटरीवाल्यांची टेबलं असतात त्या बाजूला, आणि एकूण सल्ला एवढाच, "साहेबांनी विचारलं की कबूल म्हणा. तीनशे-तीनशे दंड होईल. जेवायच्या आत घरी." खरंच जेवायच्या आत सुटले, सातही जणं परस्पर मिसळ खायला गेली.

मग २०२२ मध्ये दादाची एका सरकारी खात्यात ड्रायव्हर म्हणून निवड झाली. साक्षांकन नमुना भरायचा होता, त्यात प्रश्न, न्यायालयाने कधी दोषी ठरवून शिक्षा केली आहे काय. दादानं नाही लिहिलं. त्याच्या डोक्यात ते सिग्नल तोडल्याच्या पावतीसारखं होतं, दंड भरला विषय संपला. पोलीस पडताळणीत निघालं. माहिती लपवली म्हणून निवड रद्द. मामी तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती, आणि मंडळाच्या आरतीला ती आजही जात नाही.

बरं, तर अमेरिका. तिकडचा कायदा असा की एकदा कबूल केलंस की मागचे सगळे दरवाजे बंद. १९७३ ची टोलेट विरुद्ध हेंडरसन म्हणून केस आहे. हेंडरसननं १९४८ मध्ये टेनेसीत खून कबूल करून ९९ वर्षं घेतलेली, आणि पुष्कळ वर्षांनी त्याचं म्हणणं की माझ्यावर आरोप ठेवणाऱ्या ग्रँड ज्युरीत (नागरिकांच्या पंचात) काळ्या लोकांना येऊच दिलं जात नव्हतं. कोर्ट म्हणालं असेल, पण तू कबूल केलंस ना, आता ते काढता येणार नाही. कबुली समजून-उमजून, स्वतःच्या मर्जीनं दिलेली नव्हती एवढंच दाखवता येईल, आणि ते दाखवायचा रस्ता म्हणजे वकिलाचा सल्ला बरोबर नव्हता हे सिद्ध करणं. त्यामुळे सगळी गर्दी त्या एकाच खिडकीवर. अर्ज वाचताना आधी मला वाटायचं हे सगळे कैदी आपापल्या वकिलावरच कसे घसरतात, माणसं अशी कशी. अरे पण दुसरी खिडकीच ठेवलेली नाही.

त्या खिडकीवर दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. वकिलाचं काम किमान दर्जाच्याही खाली होतं ही एक, ती १९८४ च्या स्ट्रिकलंड निकालातून आली. दुसरी १९८५ च्या हिल विरुद्ध लॉकहार्टमधली, आणि खरी मारणारी तीच. अर्कान्सासमध्ये हिलनं खून आणि चोरी कबूल केली, ३५ वर्षं. वकिलानं सांगितलेलं की एक तृतीयांश भोगलीस की पॅरोलला (मुदतीआधी सुटायला) पात्र. पण हिलची ही दुसरी वेळ, त्यामुळे नियमाप्रमाणे निम्मी भोगावी लागणार होती. वकील चुकला हे उघड आहे. तरी हिल हरला, कारण अर्जात त्यानं असं कुठंच म्हणलं नव्हतं की हे मला खरं कळलं असतं तर मी कबूल केलंच नसतं, खटला लढलो असतो. तेव्हापासून प्रत्येक अर्जात ते एक वाक्य असतंच, खटला लढलो असतो, शेकडो अर्जांत शब्दाला शब्द तेच. आणि म्हणूनच नुसत्या त्या वाक्याला आता कोर्टात काही किंमत राहिलेली नाही.

कारण समोर काय असतं, तर कबुलीच्या दिवशीचा ट्रान्स्क्रिप्ट. तिकडे कबुली घेताना न्यायाधीश पानंच्या पानं प्रश्न विचारतात आणि स्टेनो शब्द न शब्द टिपून घेतो. तुला कुणी धमकावलं का? नाही. करारात लिहिलंय त्याशिवाय कुणी काही आश्वासन दिलं का? नाही. काही औषध, नशा केलीयस का? नाही. तुझ्या वकिलाच्या कामावर तू समाधानी आहेस का? हो. हा शेवटचा 'हो' फार महागात पडतो. सुप्रीम कोर्टानं १९७७ मध्येच सांगून ठेवलंय की भर कोर्टात शपथेवर बोललेलं खरंच आहे असं धरून चालायचं, उलटं म्हणायचं असेल तर भक्कम पुरावा आणा. आणि वकील शेजारी उभा आहे, आत्ताच त्यानं कानात सांगितलंय की सगळ्याला बरोबर उत्तरं दे, त्या वेळी वकील कसा आहे विचारल्यावर कोण म्हणणार की साहेब, बेकार आहे?

एवढ्यात चहा आला आणि मामी पण तिथंच बसली. तिला इंग्रजी नावं कळत नाहीत पण ती प्रश्न नेमका विचारते. "मग त्या वकिलाला बोलवून विचारायचं ना, काय सांगितलं होतंस म्हणून?"

विचारतात की. वकिलावर असा आरोप केला की वकील-अशील गुप्तता तेवढ्यापुरती उठते, आणि मग बहुतेक वेळा तो वकील सरकारी बाजूनं ॲफिडेव्हिट देतो, मी सगळं समजावलं होतं, माझ्या नोट्समध्ये आहे. आणि हे सगळं लढायचं वकिलाशिवाय. कारण फुकट वकील मिळायचा घटनेतला हक्क खटल्याला आणि पहिल्या अपिलाला, त्याच्यापुढे नाही. म्हणजे वकील वाईट होता ही तक्रार वकील नसताना करायची, तीही शिक्षा कायम झाल्यापासून एका वर्षाच्या आत (१९९६ च्या कायद्यानं ही मुदत आली, त्याच्या आधीच्या वर्षी ओक्लाहोमात बॉम्बस्फोट झाला होता, त्या रागात), आणि राज्याचा कैदी असेल तर आधी राज्याची सगळी कोर्टं फिरून यायचं. आणि इतकं करून फेडरल कोर्टात पोचला तरी फेडरल जज स्वतःला काय वाटतं ते बघत नाही, राज्याच्या कोर्टाचं म्हणणं अगदीच अवाजवी होतं का एवढंच बघतो. २०११ च्या प्रेमो विरुद्ध मूरमध्ये हे दुहेरी झुकतं माप स्पष्टच सांगितलंय, एकदा वकिलाला, एकदा राज्याच्या कोर्टाला. २२५४ च्या अर्जाची फी तेवढी स्वस्त, पाच डॉलर.

पण सुटतात, अगदीच नाही असं नाही. आणि इथं मला जे ली नावाच्या माणसाची केस सांगायचीय, कारण दादाचा कागद बघितल्यावर पहिल्यांदा तीच आठवली.

ली १३ वर्षांचा असताना १९८२ मध्ये आईबापांबरोबर दक्षिण कोरियातून अमेरिकेत आला. पुढे मेम्फिसमध्ये रेस्टॉरंट काढली. आईबाप नागरिक झाले, हा नाही झाला, ग्रीन कार्डावरच राहिला. परत कोरियाला कधी गेलाच नाही. मग एकदा घरात एक्स्टसी या नशेच्या ८८ गोळ्या, ३२,४३२ डॉलर रोख आणि भरलेली रायफल सापडली. बचावाला काही जागाच नव्हती. पण त्यानं वकिलाला एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारली, मला देशाबाहेर काढतील का? वकील म्हणाला नाही काढणार. लीनं कबूल केलं, शिक्षा एक वर्ष एक दिवस. आणि तो गुन्हा असा होता की हद्दपारी सक्तीचीच.

कबुलीच्या दिवशी जजनं नेहमीप्रमाणे सांगितलं की या शिक्षेमुळे तुला देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, त्याचा तुझ्या निर्णयावर काही परिणाम होतो का? ली म्हणाला, होतो साहेब. आता जज पण थांबले. कसा परिणाम होतो? तर ली म्हणाला, मला समजलं नाही, आणि वकिलाकडे वळला. वकिलानं सांगितलं की ही नेहमीची सूचना आहे, सगळ्यांनाच देतात. मग ली पुढे गेला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पहाटेचे दोन वाजलेले, शेजारच्या क्युबिकलमधला मुलगा मॅगी खात होता, आणि मी ते चार ओळींचं संभाषण परत परत वाचत बसले. लाखभर कबुल्यांमध्ये सगळे नाही-नाही-नाही-हो म्हणून मोकळे होतात आणि हा एक माणूस मधेच अडखळला. एवढ्यावर तो वाचला असं माझं मत आहे. म्हणजे निकालात बाकीही आहे, वकिलानं नंतर शपथेवर सांगितलं की हद्दपारी नक्की आहे हे मला माहीत असतं तर मी त्याला खटलाच लढायला सांगितलं असतं, आणि असं सांगणारा वकील विरळा. सरकारचं म्हणणं साधं होतं, हा खटला हरलाच असता, मग चुकीच्या सल्ल्यानं याचं बिघडलं काय. जून २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध दोननं लीच्या बाजूनं निकाल दिला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलंय की माणसानं नंतर काय म्हणलं त्यावर नाही, त्या वेळी त्याला काय महत्त्वाचं होतं याच्या तेव्हाच्या पुराव्यावर जा. ज्याचं सगळं आयुष्य त्या देशात आहे तो हरायची खात्री असली तरी एक टक्का आशेवर खटला लढू शकतो, त्यात वेडेपणा काही नाही.

याच्या आधी २०१० ला पडिला विरुद्ध केंटकी होऊन गेली होती. होंडुरासचा माणूस, चाळीस वर्षं अमेरिकेत, व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकेच्या फौजेत होता, त्याच्या ट्रकमध्ये गांजा सापडला. वकील म्हणाला इतकी वर्षं इथं आहेस तू, कशाला काळजी करतोस. त्या केसमध्ये कोर्टानं पहिल्यांदा म्हणलं की हद्दपारीबद्दल सांगणं हे वकिलाचं कामच आहे. आणि २०१२ ची फ्रायची केस मला सगळ्यात पुणेरी वाटते, रद्द झालेल्या लायसन्सवर गाडी चालवताना चौथ्यांदा पकडला, सरकारी वकिलानं पत्र पाठवलं की ९० दिवसांच्या कैदेवर मिटवतो, याच्या वकिलानं ते पत्र याला दाखवलंच नाही, मुदत गेली, मग ऑफरशिवायच कबूल केलं आणि तीन वर्षं लागली. पत्र टेबलाच्या खणात राहिलं म्हणून तीन वर्षं!

"आपल्याकडं असं काही करता येतं का?" दादानं विचारलं. चहा गार झाला होता त्याचा.

खरं सांगायचं तर फारसं नाही. कबुलीवर शिक्षा झाली की अपील फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यावर, जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) कलम ३७५ होतं, नव्या संहितेतही ते आहेच. रिव्हिजन (वरच्या कोर्टाकडून फेरतपासणी) करायची तर मुदत केव्हाच गेली, उशीर माफ करा म्हणून अर्ज करायचा आणि त्यात काय लिहायचं, तर सात वर्षांनी कळलं म्हणून? २०१६ मध्ये अवतार सिंगच्या केसमध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानं म्हणलंय की किरकोळ गुन्ह्याची माहिती लपवली असेल तर नोकरी देणारा त्याच्या अधिकारात ती चूक सोडून देऊ शकतो. शकतो. देईलच असं नाही, आणि दादाच्या वेळी दिली नाही. आपल्याकडे रीतसर प्ली बार्गेनिंग (गुन्हा कबूल करून शिक्षेची तडजोड) २००६ पासून आहे, त्यात आरोपीला बंद खोलीत एकट्याला विचारायचं असतं की हे स्वतःच्या मर्जीनं करतोयस ना. पण दादासारख्या तीनशे रुपयांच्या कबुल्या त्या रस्त्यानं जातच नाहीत, त्या पुकारा झाला, पाच जण एका ओळीत उभे, कबूल, कबूल, कबूल, चला पुढचे, अशा जातात. सकाळी अकराला जाऊन बघा एकदा.

मला राग कशाचा येतो सांगू का. प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट, १९५८. पहिलाच किरकोळ गुन्हा असेल तर कोर्ट दंडाऐवजी नुसती ताकीद देऊन सोडू शकतं, कलम ३. आणि कलम १२ सांगतं की असं सोडलं असेल तर शिक्षेमुळे जी अपात्रता येते ती येणार नाही. कबुली दिली तरी हे मागता येतं. एक वाक्य होतं, साहेब पहिलाच गुन्हा आहे, पोरगं नोकरीला लागायचंय, ताकीद देऊन सोडा. कोर्टानं ऐकलं असतंच असं नाही, पण मागितलं तर असतं. पाचशे रुपयांत ते एक वाक्य बसत नव्हतं बहुतेक. मी दादाला हे सांगायला नको होतं असं आता वाटतंय, कारण तो एकदम गप्प झाला.

मग मामाच आतून झोपेत असल्यासारखा बोलला, "गांधीजींनी पण कबूलच केला होता गुन्हा." आणि खरंय, १९२२ ला अहमदाबादच्या कोर्टात, राजद्रोह, सहा वर्षं, आणून ठेवलं ते आपल्या येरवड्यात, नंतर अपेंडिक्सचं ऑपरेशन पण ससूनलाच झालं. पण मामा, त्यांना माहीत होतं ना ते काय कबूल करतायत ते. त्यांनी उलट जजला सांगितलं, असेल ती सगळ्यात मोठी शिक्षा द्या. दादाला कुणी सांगितलं होतं मोठी का छोटी?

मी तो कागद परत एकदा बघितला. 'समजावून सांगितले' हे छापील आहे, म्हणजे सातही जणांच्या कागदांवर तेच असणार, त्या दिवशी तिथं उभ्या राहिलेल्या सगळ्यांच्याच. वकिलाची पण सही आहे, चांगली मोठी, फराटेदार. नोटरीच्या टेबलाशी काय बोलणं झालं त्याचा कुठं मागमूस नाही, आणि लीसारखं मधेच "मला समजलं नाही" म्हणायला दादा अडखळला असता तरी ते लिहून घ्यायला त्या फॉर्मवर जागाच नाही. होय किंवा नाही, एवढी दीड इंचाची रेघ आहे.

दादा म्हणाला, "आता पुढच्या महिन्यात दुसरीकडे भरती आहे. तिथं हो लिहिणार आहे. आणि हा कागद जोडणार."

मी म्हणलं लिही, आणि खाली दोन ओळीत काय झालं ते पण लिही, पत्ते, गणपती, तीनशे रुपये, सगळं. बसूनच मसुदा केला आम्ही, मामीच्या किराणा वहीच्या मागच्या पानावर. दादाला 'अनवधानाने' शब्द पाहिजे होता, मी खोडला, त्यानं परत घातला.

निघताना मामीनं कागद पिशवीत घातला आणि दादाला म्हणाली, उद्या बाजीराव रोडला जाऊन लॅमिनेट करून आण, बाकीच्या सर्टिफिकेटांसारखं, पावसात भिजायला नको.